सड्याची नोंद पावसात करा: कोकणातल्या जैवविविधता समित्यांना खुले पत्र

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष व सर्व सभासद

विषय: लोक जैवविविधता नोंदवहीत सड्यावरच्या वनस्पतींची नव्याने नोंद करण्याबाबत

सरपंच आणि समितीतल्या सर्व ताई-दादांनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात लोक जैवविविधता नोंदवही असेल. ती एकदा बाहेर काढा आणि तिच्यात तुमचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा कातळमाळ, शोधा. मी राजापूर तालुक्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. ओळखीच्या एका पंचायतीत ही नोंदवही मला वाचायला मिळाली. आंबा, काजू, फणस, रातांबा, सुरंगी, शिवण, ऐन, किंजळ अशी झाडं तिच्यात व्यवस्थित लिहिलेली आहेत. भाताच्या जुन्या जातीही आहेत. गावाच्या डोक्यावर पसरलेल्या सड्यापुढे मात्र एवढंच लिहिलं आहे: ‘पडीक माळ, गवत.’

हे असं का झालं, ते तुम्हालाही ठाऊक आहे. जैवविविधता कायदा 2002 सालचा, पण नोंदवह्यांचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं होतं. मग राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत दिली आणि त्यानंतर काम अपुरं राहिल्यास राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. साहजिकच सगळीकडे धावपळ झाली. आमच्याकडे माहिती गोळा करायला माणसं आली ती दिवाळीनंतर. तेव्हा सडा करपलेला असतो. गवत वाळून पिवळं झालेलं आणि खाली काळा कातळ तापलेला. त्या दिवसांत एखादा निष्णात वनस्पतिशास्त्रज्ञ जरी सड्यावर उभा केला असता, तरी त्याला लिहिण्याजोगं फारसं काही दिसलं नसतं. म्हणून मी कोणाला दोष देत नाही. पण ती नोंद अपुरी आहे, आणि ती पुरी करणं आता तुमच्या हातात आहे.

सड्याचं वर्ष मिरगाच्या पावसाने सुरू होतं. जांभ्यावर माती ती किती, कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. एका खळग्यात पाणी साचतं, हातभर अंतरावर ते वाहून जातं, भेगेत थोडा गाळ धरतो. या तीन जागांवर तीन निरनिराळी झाडं उगवतात आणि ती आपली जागा सहसा सोडत नाहीत. पावसाळ्यात मुळं पाण्यात बुडालेली, उन्हाळ्यात पायाला चटके बसतील असा दगड, आणि या दोन्हींच्या मध्ये उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुन्हा कंदात किंवा बियांत दडून बसायचं, हे सगळं चार महिन्यांत उरकावं लागतं. इतक्या कडक अटी पाळून जगणारी झाडं इथेच घडली आणि इथेच राहिली. सड्यावर जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नसलेल्या वनस्पती का सापडतात, याचं उत्तर या दगडात आहे.

दीपकाडीचंच घ्या. पहिल्या चांगल्या पावसानंतर जांभ्याच्या फटीतून तिची अरुंद, पन्हळीसारखी पानं वर येतात. मग सरळ दांडा, आणि त्यावर पांढरीशुभ्र फुलं. फूल हातात धरलंत, दांड्यावरून न तोडता, तर दिसेल की सहा पाकळ्या खाली एकमेकींना चिकटून त्यांची नळी झाली आहे आणि वर त्या मोकळ्या झाल्या आहेत. फुलोरा संपला की तीन कप्प्यांचं बोंड धरतं आणि त्यात काळ्या, चपट्या बिया एकावर एक रचलेल्या असतात. पाऊस ओसरला की वरचं सगळं वाळून जातं आणि कांदा जमिनीखाली पुढच्या मिरगाची वाट बघतो. फुलांचा हंगाम इतका आटोपशीर असतो की त्या दिवसांत सड्यावर पाय पडला नाही, तर हे झाड आपल्या गावात आहे हे माणसाला जन्मभर कळणार नाही.

या दीपकाडीला शास्त्रात पहिल्यांदा नाव दिलं डॅलझेल या स्कॉटिश माणसाने, 1850 साली. पुढे तो मुंबई इलाख्याच्या वनखात्यात मोठ्या पदावर गेला. त्याने नावातच कोकण घातलं: युरोपेटलम कोंकणेन्स. नंतर बेकर या इंग्रज अभ्यासकाने ती डिपकाडी या प्रजातीत, म्हणजे जवळच्या नात्यातल्या वनस्पतींच्या गटात, हलवली, तेव्हापासून ती डिपकाडी कोंकणेन्स झाली. तिचं कुळही जागेवर राहिलं नाही. जुन्या पुस्तकांत ती लिलीच्या कुळात आहे, मधल्या काळात हायसिंथच्या कुळात होती, आणि 2009 साली जगभरच्या अभ्यासकांनी डीएनएच्या आधारे जे नवं वर्गीकरण मांडलं, त्यानुसार ती आता शतावरीच्या कुळात बसते. पावणेदोनशे वर्षांत नाव बदललं, कुळ बदललं. ‘कोंकणेन्स’ हे पद मात्र तसंच राहिलं, आणि झाडही कोकणातच राहिलं.

हा नावांचा प्रवास मी तुम्हाला का सांगते आहे? कारण याद्या नावांवर चालतात. कोणती वनस्पती दुर्मिळ, कोणती संकटग्रस्त, कोणत्या जागेला संरक्षण द्यायचं, हे सगळं शेवटी एका कागदावर लिहिलेल्या नावावर ठरतं. नाव बदललं आणि कागद जुनाच राहिला, तर झाड दोन्हीकडून निसटतं. मालवणच्या सड्यावरचं एक उदाहरण देते. तिथे एक लहानशी, कंद असलेली वनस्पती सापडली आणि एस. आर. यादव आणि एन. पी. सिंह या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला ब्रॅकिस्टेल्मा मालवणेन्स असं मालवणचं नाव दिलं. पुढे डीएनएच्या अभ्यासातून असं दिसलं की ब्रॅकिस्टेल्मा हा गट वेगळा काढताच येत नाही, तो आपल्या खरपुडीच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, गोतावळ्यातच मिसळलेला आहे. 2017 साली ब्रॉयन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सगळा गट सेरोपेजियात घातला. त्यामुळे मालवणची ही वनस्पती आता सेरोपेजिया मालवणेन्सिस झाली. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही, आणि आपल्याकडे दोन्ही नावं वापरात आहेत. एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात एक नाव आणि संकटग्रस्तांच्या यादीत दुसरं नाव असेल, तर फाइल तपासणाऱ्या कारकुनाने ती दोन्ही एकच हे ओळखायचं कसं?

याच फेरबदलात सह्याद्रीच्या कड्यांवरची शिंदळ माकुडीही सापडली. डॅलझेलने जुन्नरच्या डोंगरात तिची नोंद केली आणि मुंबईचा गव्हर्नर फ्रिअर याच्या नावावरून तिच्यासाठी फ्रेरिया ही स्वतंत्र प्रजाती उभी केली. त्या प्रजातीत ही एकच वनस्पती, तीही फक्त महाराष्ट्रात, म्हणून आम्ही वर्गात ती अभिमानाने शिकवत आलो. नंतर तिला कारालुमात घातलं, मग बौसेरोसियात, आणि 2017 नंतर तीही सेरोपेजियात आली. माझ्या मते या बदलांना घाबरायचं कारण नाही. शास्त्राने पुरावा पाहून मत बदललं पाहिजे, त्यासाठीच ते शास्त्र आहे. पण मोठ्या गटात गेली म्हणून तिचं दुर्मिळपण कमी झालं असं कोणी समजू नये. कड्यावर तिची जितकी रोपं कालपर्यंत होती, तितकीच आजही आहेत.

आता सड्यावरच्या पाणथळ जागेकडे या. श्रावणात जिथे घोटाभर पाणी असतं तिथे पांढऱ्या मण्यांसारखी डोकी असलेली रोपं दाटीने उगवतात. आपण त्यांना सरसकट गेंद म्हणतो. शास्त्रात तो इरिओकॉलॉन. लांबून सगळे सारखे. पण एक मणी काढून भिंगाखाली सुईने उकलला, तर त्यात डझनावारी फुलं निघतात, नर वेगळी, मादी वेगळी, प्रत्येक मोहरीच्या दाण्याहून बारीक. पाकळ्या दोनाच्या पटीत की तिनाच्या, पाकळीच्या टोकाला काळी ग्रंथी आहे की नाही, बीच्या सालीवर नक्षी कशी आहे, हे बघितल्याशिवाय एक गेंद दुसऱ्यापासून वेगळा करता येत नाही. बीसाठी तर सूक्ष्मदर्शक लागतो. एका गेंदाच्या नावात रत्नागिरी आहे आणि दुसऱ्याच्या नावात कोकण. 2020 साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी सिंधुदुर्गातून आणखी एक नवा गेंद जाहीर केला, इरिओकॉलॉन पार्व्हिसेफॅलम. ज्या डबक्यात आपली गुरं पाणी पितात, त्याच्या काठावर जगाला नवी असलेली वनस्पती उभी असू शकते. 1994 साली सुरणाच्या कुळातल्या एका नव्या वनस्पतीलाही कोकणावरून नाव दिलं गेलं. तेव्हा कोकणात आता नवीन काही उरलेलं नाही, असं म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही.

आणि जुनं, हरवलेलंही सापडतं. ओहोळाच्या पाण्यात वाढणारी क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा ही कोकणातली वनस्पती शॉट या ऑस्ट्रियन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात वाळवलेल्या नमुन्यावरून वर्णिली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं ती कोणा अभ्यासकाच्या हाती लागली नव्हती. एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांनी ती पुन्हा शोधली आणि तिचं नव्याने, नीट वर्णन केलं. इतकी वर्षं का लागली? एक मोठं कारण जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांत आहे. स्टॉक्स आणि लॉ या इंग्रज संग्राहकांनी गोळा केलेल्या वनस्पती युरोपात वाटल्या गेल्या, तेव्हा त्यांवर छापील चिठ्ठी होती: ‘मलबार, कोंकण, इत्यादी.’ एवढ्या मोठ्या मुलखात कुठे शोधायचं? ना गाव, ना ओढा, ना महिना. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि खाली केरळापर्यंत एकाच चिठ्ठीत बसवलं होतं. आज तुमची नोंदवही ‘पडीक माळ, गवत’ असं लिहिते तेव्हा ती पुढच्या अभ्यासकाला याहूनही कमी सांगते. त्या चिठ्ठीसोबत निदान वाळवलेलं झाड तरी होतं.

कागदावर नसल्याचा परिणाम सड्यावर लगेच दिसतो. सातबारावर सडा पोटखराबा असतो, म्हणजे ज्यातून काही पिकत नाही ती जमीन. मग तिथे काहीही करायला कोणाची हरकत नसते. चिरेखाण निघते आणि वरचा सबंध थर, मातीसकट, भेगांसकट, कांद्यांसकट, उचलला जातो. खाणीचा खड्डा पुढे पाण्याने भरतो, पण दीपकाडी त्यात परत येत नाही. कातळ फोडून, खालून माती आणून कलमं लावली जातात. हापूसने कोकणातली घरं उभी केली, मुलांची शिक्षणं केली, हे मी विसरलेली नाही आणि बागायतदाराच्या विरोधात हे पत्र नाही. पण सगळा सडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोडायची गरज नसते. पाणी साचणारे खळगे आणि त्यांच्याभोवतीचा पट्टा तसाच ठेवला, तरी खूप काही वाचतं.

सगळ्यात वाईट वाटतं ते वृक्षलागवडीचं. पावसाळा आला की ‘मोकळी जागा’ शोधली जाते आणि ती हमखास सडा असतो. यंत्राने खड्डे पाडायचे, रोपं लावायची, फोटो काढायचे. त्यातली बहुतेक रोपं एप्रिलमध्ये जळून जातात. जगली तर अधिकच नुकसान, कारण त्यांच्या सावलीत आणि पाचोळ्यात सड्याची फुलं तगत नाहीत. ही फुलं उघड्या उन्हाची आहेत. झाडं लावणं चांगलंच, पण ती रस्त्याच्या कडेला, घसरणाऱ्या उतारावर, उजाड झालेल्या देवराईत लावा. सडा उघडा आहे कारण तो तसाच असायचा आहे. शाळांतून मुलांना घेऊन हे कार्यक्रम होतात, म्हणून शिक्षक सभासदांना माझं विशेष सांगणं आहे की त्याच मुलांना त्या दिवशी भिंग देऊन सड्यावर न्या.

कायद्याने तुम्हाला दिलेला अधिकार लहान नाही. कलम 37 खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेचं उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातलंच आहे. भालांडेश्वराच्या देवराईत रानजायफळाचं पाणथळ जंगल आहे, सगळं मिळून अडीच हेक्टरच्या थोडंसं वर. देवाच्या नावाने गावाने ते राखलं, अभ्यासकांनी त्यातली दुर्मिळ झाडं ओळखली, आणि त्याला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. जागा लहान आहे म्हणून अडलं नाही. सड्यावर मात्र देवराई नसते, आणि बहुधा म्हणूनच सड्याला राखणदार मिळाला नाही. आता कातळशिल्पांमुळे थोडं लक्ष वळलं आहे. 2022 साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली आणि कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, कुडोपी या गावांची नावं बाहेर माहीत झाली. चित्रं ज्या कातळावर कोरली आहेत त्याच कातळाच्या भेगांत ही फुलं आहेत. चित्रांभोवती कठडा घालताना, पायवाट आखताना, गाड्या लावायची जागा ठरवताना पावसाळ्यात तिथे काय उगवतं हे आधी बघून घ्या.

नोंद कशी करावी याबद्दल थोडं सांगते. सुरुवात गावातल्या बायकांपासून करा. पहिल्या पावसात कुठल्या उतारावर शेवळं निघतात, ती काकडाच्या फळांबरोबर शिजवली नाहीत तर घशाला खाज सुटते, फोडशीचं पान कोणतं आणि तिच्यासारखं दिसणारं पण न खायचं पान कोणतं, हे त्यांना पाठ असतं. गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा, लहानपणी सड्यावर कोणते कंद उकरून खाल्ले. गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या चौकटीला, कवंडाळ, कळलावी आणि तेरडा आणणाऱ्या पोरांना विचारा, कुठलं फूल पूर्वी मिळायचं आणि आता मिळत नाही. गावात जे नाव असेल तेच आधी लिहा. शास्त्रीय नाव नंतर येईल, बदलेल, पुन्हा बदलेल. त्यासाठी रकाना मोकळा ठेवा आणि कोणत्या वर्षी कोणी ते नाव सांगितलं हेही टिपून ठेवा. सड्याचं नाव, वाडी, महिना, जागा पाण्याची की भेगेची की मोकळ्या कातळाची, आणि साधारण किती रोपं दिसली, एवढं लिहिलंत तरी ती नोंद शंभर वर्षांनीही उपयोगी पडेल. फोटो काढताना फुलाचा काढा, पानाचा काढा आणि आजूबाजूच्या जागेचाही काढा. कंद उकरू नका. नमुना घ्यायची वेळ आली तर ते काम जाणकारावर सोपवा. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे, मुंबईला सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. त्यांना पंचायतीच्या कागदावर पत्र लिहा.

एक काळजी घ्या. फार दुर्मिळ वनस्पती सापडली तर तिची नेमकी जागा व्हॉट्सॲपवर फिरवू नका. नोंदवहीत पक्की जागा असू द्या, बाहेर सांगताना तालुक्यापर्यंतच सांगा. कंद उपटून नेणारे लोक आहेत, आणि फोटोसाठी वीसजणांनी एकाच खळग्यात पाय घातला तरी त्या वर्षीचं बी गेलं असं समजा.

हे पत्र समित्यांना असलं तरी एक गोष्ट आम्हा वनस्पतिशास्त्राच्या लोकांनाही सांगायला हवी. तुमच्या सड्यावरून नवी वनस्पती जाहीर होते, तिचा लेख इंग्रजी नियतकालिकात छापून येतो, आणि ज्या गावात ती सापडली त्या गावाला ते कधीकधी वर्तमानपत्रातून कळतं, कधी कळतच नाही. हे बरोबर नाही. गावात येऊन काम करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाकडून समितीने लिहून घ्यावं की काम झाल्यावर तो मराठीत दोन पानं पंचायतीला देईल: काय सापडलं, कुठे, कधी फुलतं, काय केलं तर ते नष्ट होईल. पुढे नाव बदललं तर तेही कळवेल. नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाने अशा दोन पानांचा नमुना तयार करून सगळ्या समित्यांना पाठवावा, अशी माझी मंडळाला विनंती आहे. त्याला पैसा फारसा लागणार नाही.

1 मेच्या ग्रामसभेत सड्याची फेरनोंद करण्याचा ठराव घ्या. मिरगाच्या पहिल्या पावसानंतर एकदा, श्रावणात एकदा आणि दसऱ्याच्या आधी एकदा, असं तीनदा सड्यावर जा, कारण तिन्ही वेळेला तिथे वेगळी झाडं असतात. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तोवर लिहिलेली पानं वाचून दाखवा आणि काही चुकलं असेल तर म्हाताऱ्या माणसांकडून दुरुस्त करून घ्या. चिरेखाणीचा किंवा लागवडीचा पुढचा अर्ज येईल तेव्हा ती पानं ठरावासोबत जोडा. राजापूर आणि लांजा तालुक्यांतल्या ज्या समित्यांना ओळख पटवायला मदत हवी असेल, तिथे मी आणि माझे विद्यार्थी स्वखर्चाने येऊ.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका
राजापूर तालुका